रवळनाथाच्या पट्टीखाली

नंद्या, तुझं डोकं शेवटपर्यंत शाबूत होतं. हे आधी लिहून टाकतो. तुझ्या डोक्याची मी जेवढी काळजी केली तेवढी तुझ्या आईनेही केली नसेल, आणि त्या काळजीचं कारण तुला कधी कळलं नाही.

तू गेलास तो खुर्चीत बसून, हातात सकाळचा चहा, छातीत कळ येऊन. मातीत नाही, उडी मारताना नाही, बाइकवरून पडून नाही. नाहूरला तुझ्या घरी पोचलो तेव्हा वहिनी दारातच उभ्या होत्या. "भावजी, काही करायला वेळच नाही दिला हो ह्यांनी," एवढंच म्हणाल्या. तुला खाली घेतलं होतं. मी तुझ्याकडे बघितलं आणि मला आधी रडू आलं नाही. सुटलो, असं वाटलं. आता ते हेल्मेट तुझं काही वाकडं करू शकत नाही, असं वाटलं. मित्र समोर पडलाय आणि मी मोकळा श्वास घेतोय. रडू नंतर आलं, स्मशानातून परतल्यावर, आंघोळ करताना.

आपली रविवारची बाइकवाली टोळी म्हणाली, "दिलीप, नंदूवर तू लिही, तू त्याला सगळ्यात जास्त ओळखायचास." हे खरं आहे. तू मला किती ओळखायचास, ते आता त्यांनाही वाचू दे.

ते पांढरं हेल्मेट तू घेतलंस त्या दिवशी मी बरोबर होतो. बोरिवलीचं दुकान, तू, वहिनी आणि मी. तू अर्धी दुपार आरशासमोर घालवलीस. मोटोक्रॉसचं, म्हणजे मातीवर बाइक उडवतानाचं हेल्मेट, रस्त्यावरचं नव्हे. हनुवटी पुढे आलेली, कपाळावर टोपीसारखी झडप, काच नाही, गॉगल वेगळा. वहिनींना ते घोड्याच्या तोंडासारखं वाटलं होतं. तू एक घालायचास, बसून राहायचास, काढायचास, कपाळावर वळ उठलाय का बघायचास, दुसरं मागायचास. शेवटी दुकानदार कंटाळून म्हणाला, "साहेब, हेल्मेट बघताय की मुलगी?"

"मुलगी बघायला एवढा वेळ लावला नव्हता," तू म्हणालास, "म्हणून तर आता लावतोय."

"मी वेळ लावला असता ना," वहिनी म्हणाल्या, "तर तुम्ही पहिल्याच फेरीत बाद."

तू मला जवळ बोलावून शिकवलंस. हेल्मेट दोन्ही हातांनी धरून डावीउजवीकडे हलवायचं. गालाची कातडी त्याच्याबरोबर हलली तर ते आपलं. ते वेगळं आणि तोंड वेगळं फिरलं तर ठेवून द्यायचं. पट्टा बांधून मागून वर ढकलायचं, डोक्यावरून निघता कामा नये. नवीन असताना गाल चावल्यासारखे घट्ट हवेत, कारण गाद्या पुढे सैल होतात. गॉगल आपला स्वतःचा न्यायचा आणि त्यात बसतोय का ते दुकानातच बघायचं. आणि मग ते वाक्य. माझ्या टाळक्यावर टिचकी मारून बोललास, "आतला थर्माकोल एकदाच मरतो, दिल्या. एकदा आपटलं की गेलं. बाहेरून कितीही चकचकीत दिसू दे. पट्टा कापायचा आणि टाकायचं, म्हणजे भंगारातून उचलून दुसरा कुणी घालायला नको."

मला हे माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. तूच सांगितलं होतंस.

माझी बाइक तुझ्या वर्कशॉपमध्ये असायची, तुझ्या ग्रिल आणि गेटांच्या मधल्या जागेत. मुलुंडला आमच्या इमारतीत सायकल ठेवायला भांडणं होतात, तिथे ती कुठे ठेवणार? वर्कशॉपची एक चावी तू मला दिली होतीस. त्या रविवारी तू चुलतभावाच्या लग्नाला कुडाळला होतास. आपला नियम होता, एकट्याने मातीवर जायचं नाही. मी गेलो. ओळखीचा टेम्पो केला, बदलापूरच्या पुढच्या त्या पडीक जमिनीवर बाइक उतरवली. आणि माझं स्वतःचं हेल्मेट वर्कशॉपच्या खिळ्यावर ठेवून तुझं घेऊन गेलो. का, ते आता सांगायला हरकत नाही. मला ते घालून बघायचं होतं, बस. त्यात तू कसा दिसायचास ते मी बघितलं होतं. पोट सुटलेला, लोखंड कापणारा माणूस, पण ते चढवलंस की कुणीतरी वेगळाच वाटायचास.

तिथे एक मोठा उंचवटा होता. तू त्याच्यावरून उडायचास, मी कायम बाजूने जायचो. तू कधी टोचून बोलला नाहीस, पण सगळ्यांसमोर एकदा म्हणालास, "दिल्याची उडी पुढच्या जन्मी." सगळे हसले, मीही हसलो. त्या दिवशी बघायला कुणी नव्हतं म्हणून मी उडी घेतली. पुढचं चाक आधी टेकलं. मी हँडलवरून पुढे गेलो आणि डोकं उजव्या बाजूने कडेच्या दगडावर आपटलं. आवाज अजून आठवतो. नारळ फोडताना येतो तसा.

मग मी उठलो. चालून बघितलं. बोटं मोजली, बायकोचं नाव आठवून बघितलं. सगळं जागेवर होतं. हेल्मेट काढलं तर उजव्या कानाच्या वर बाहेरच्या कवचाचा टवका उडाला होता, रुपयाच्या नाण्याएवढा. आतली गादी काढून बघायची माझी हिंमत झाली नाही.

एवढंच झालं. दोन वाक्यांत सांगून संपलं असतं. "नंद्या, तुझं हेल्मेट घेऊन गेलो, पडलो, ते गेलं." पण त्याच्या मागून उडी आली असती, आणि उडीच्या मागून सगळ्यांचं हसणं. मी चाळिशीचा माणूस, कंपनीच्या खरेदी खात्यात बसून दुसऱ्यांच्या मालातले दोष काढणारा, आणि मी हसण्याला घाबरलो. टवक्यात पुट्टी भरली, घासली, पांढरा रंग मारला. रंग जुळला नाही. मग मुलुंड स्टेशनबाहेरच्या रेडियमवाल्याकडे गेलो आणि तुझ्या गावच्या देवाची पट्टी करून घेतली. भगव्या रेडियमवर काळी अक्षरं, श्री देव रवळनाथ प्रसन्न. ती बरोबर त्या जागेवर बसवली.

तू कुडाळहून आलास, हेल्मेट हातात घेतलंस आणि बघतच राहिलास.

"ह्यां कोणी केल्यान?"

"मी," म्हटलं. "म्हटलं, तुझा देव असू दे बरोबर."

तुझे डोळे भरले, नंद्या. तू माझ्यासारख्या घाटावरच्या माणसाला कधी मानलं नाहीस, आणि त्या दिवशी मला मिठी मारलीस. "मेल्या, माका वाटला तू नास्तिक." त्या मिठीतच सांगायला हवं होतं. तेव्हा नाही सांगितलं, आणि मग ते दरवर्षी जास्त जड होत गेलं.

माझी चूक तिथे थांबली असती तर गोष्ट वेगळी. पण त्या पट्टीमुळे ते हेल्मेट तुझ्यासाठी देवाचं झालं. तू ते सोडायलाच तयार होईनास. आणि मी दर रविवारी कडेला उभा राहून तुला मेलेल्या थर्माकोलात उडताना बघायचो. तू उतरलास की मी लगेच सुरू व्हायचो.

"नंद्या, नवीन घे आता. काही वर्षांनी बदलायचंच असतं. घामाने आतलं सगळं सडतं."

"मग डोकं पण बदलू? ते तर आणखी जुनं आहे."

"मस्करी नाही. तूच सांगायचास ना?"

"मी आपटलेल्याचं सांगायचो. हे कुठे आपटलंय? रवळनाथ आसा ना वर. देवाक काळजी." मग इतरांकडे वळून, "बघा रे, आली आपली हेल्मेटमावशी!"

ते नाव मला चिकटलं. मी लेख छापून आणले, चांगल्या शिक्क्याचं हेल्मेट कसं ओळखायचं, आत बनवल्याची तारीख कुठे असते. व्याख्यानं दिली. सगळे खरे मुद्दे सांगितले, एक सोडून. तू शेवटी वैतागून म्हणाला होतास, "तुला काय प्रॉब्लेम आहे रे त्या हेल्मेटचा? तुझ्या बापाचं काय घेतलंय त्याने?" मी दोन रविवार आलो नाही. तुला वाटलं मी रागावलो. तू घरी आलास, बांगड्याचं सुकं घेऊन. ते मी खाल्लं.

एकदा तुझ्या वाढदिवसाला नवीन हेल्मेट आणलंच, आठवतं? तुझ्या टोपीवरून मापाचा अंदाज केला होता. तुझ्या डोक्यावर ते मंदिरातल्या घंटेसारखं डुलत होतं. "माप न घेता चप्पलसुद्धा आणत नाहीत, दिल्या," असं म्हणून तू ते परत करायला लावलंस. ते बरोबरच होतं. हेल्मेट भेट देता येत नाही. ज्याचं डोकं त्यानेच जायला लागतं. आणि ज्याला जायचं आहे, त्याला आपण का जातोय ते माहीत असावं लागतं.

सगळ्यात जवळ मी आलो तो एका दसऱ्याला. वर्कशॉपमध्ये पूजा होती. वेल्डिंग मशीन, कटर, ड्रिल, दोन्ही बाइका, सगळं पुसून झेंडू घातलेला. भिंतीवरच्या फळीवरचा छोटा गणपती तू उतरवत होतास. आदल्या आठवड्यात अँगल लागून त्याचा कान तुटला होता. मी म्हटलं, "चिकटवून टाक की, कळणारही नाही." तू माझ्याकडे बघितलंस, मी काहीतरी घाण बोलल्यासारखं. "खंडित मूर्ती पूजेत ठेवत नाहीत रे. कळत नाही म्हणून काय झालं? विसर्जन करायचं, नवीन आणायची." गणपती कागदात गुंडाळून बाजूला ठेवलास आणि त्याच हाताने पांढऱ्या हेल्मेटला हळदकुंकू लावलंस. रवळनाथाच्या पट्टीला नमस्कार केलास.

"नंद्या, ते हेल्मेट..." मी म्हणालो.

"काय?"

"त्याला हार मोठा झालाय."

तू हार दुमडून छोटा केलास.

मी गप्प बसणारा माणूस आहे असं सगळे म्हणतात, तूही म्हणायचास, कौतुकाने. "दिल्या बोलत नाही, पण माणूस पक्का." माझ्या गप्प बसण्यात किती पुट्टी भरली होती ते तुला दिसलं नाही, कारण तू बघायला गेलाच नाहीस. मित्राला कुणी तपासत नाही.

आता तू गेल्यानंतरचं सांगतो, कारण ते तुला कळायला हवं.

तेरावं झालं. दुसऱ्या दिवशी तुझ्या केतकीने फोन करून बोलावलं. पोरगी ऑफिसमधून सुट्टी काढून घरातच होती. तू तिला मातीवर न्यायला लागलास तेव्हापासून ती भाड्याच्या हेल्मेटवरच चालवत होती, नवीन घेऊ घेऊ म्हणत तुमचं राहून गेलं होतं. टोळीने ठरवलं होतं की रविवारी तुझ्यासाठी सगळ्यांनी एक फेरी मारायची, पुढे तुझी बाइक, त्यावर केतकी. मी गॅलरीत जाऊन बसलो. ती आतून पांढरं हेल्मेट घेऊन आली.

"काका, हेच घालणार मी. आत पातळ टोपी घातली की बसतं. बघा ना."

वहिनी दारात टेकून उभ्या होत्या. म्हणाल्या, "मी तिला जाऊच देणार नव्हते. पण ह्यांचं हेल्मेट असेल डोक्यावर तर मला भीती नाही."

नंद्या, मी परत तेच करायला निघालो होतो. तोंडात वाक्य तयार होतं, "अगं, साइज मोठी आहे, नवीन घेऊ." ते खोटंही नव्हतं. तिने ऐकलंही असतं कदाचित. आणि ऐकलं नसतं तर? तू कुठे ऐकलंस? पट्टी कपाळाशी लावून ती माझ्यासमोर उभी होती, तुझंच नाक, तुझीच हट्टी हनुवटी.

"ते घालू नकोस," मी म्हटलं. "ते आपटलेलं आहे. मी आपटलंय."

मग सगळं सांगितलं. लग्न, चावी, उडी, दगड, पुट्टी. थोडक्यात सांगितलं, एवढ्या वर्षांचं होतं पण फार वेळ लागला नाही. केतकी ऐकत होती आणि पट्टीचा कोपरा नखाने खरवडत होती.

"नखं नको लावूस, देव आहे तो," वहिनी म्हणाल्या आणि आत गेल्या. मला वाटलं त्या परत येणार नाहीत. त्या हेअर ड्रायर घेऊन आल्या. गरम हवा देत देत, डब्यावरचं लेबल काढावं तशी ती पट्टी अखंड सोडवली. खाली माझी पुट्टी होती, पिवळी पडलेली. केतकीने आतली गादी ओढून काढली. थर्माकोलात खड्डा होता आणि त्यातून निघालेली एक भेग थेट मागपर्यंत गेली होती. तिने खड्ड्यात अंगठा ठेवला. अंगठा बसला.

"एवढी वर्षं बाबा ह्याच्यात उडत होते?"

"हो."

"आणि तुम्ही बघत होतात."

"हो."

ती उठून आत गेली. दार आपटलं नाही, नुसतं लावलं. वहिनी ड्रायरची वायर गुंडाळत बसल्या. गुंडाळून झाल्यावर म्हणाल्या, "भावजी, ह्यांना सांगितलं असतंत तर दोन शिव्या घालून मोकळे झाले असते. संध्याकाळी परत तुमच्याबरोबर चहा प्यायले असते."

यापेक्षा त्यांनी मला बाहेर काढलं असतं तर बरं झालं असतं.

मला वाटलं, संपलं. पण दोन दिवसांनी केतकीचा मेसेज आला. उद्या बोरिवलीला जातेय, यायचं तर या. मी गेलो. तेच दुकान, आता मोठं झालेलं, एसीवालं. ती माझ्याशी कामापुरतं बोलत होती. मीही कामापुरतंच. दुकानदाराने आधी चकचकीत, गुलाबी रेघांचं काढलं. "मॅडम, लेडीजमध्ये हेच चालतं." केतकी म्हणाली, "डोकं लेडीज नाहीये माझं. माप घ्या." त्याने भुवईच्या वरून टेप फिरवली. चार-पाच हेल्मेटं झाली. एक कपाळाला टोचत होतं. एकात गॉगल बसेना. एक छान बसलं, पण आतली तारीख फार जुनी, कपाटातच म्हातारं झालेलं. तिने प्रत्येकाचा शिक्का बघितला, पट्टा ओढून बघितला, झडपेचे स्क्रू बघितले. एक साधं राखाडी तिने घातलं आणि मोबाइल बघत खुर्चीत बसून राहिली. दुकानदार माझ्याकडे बघून हसला. मी हसलो नाही. मला तू दिसत होतास.

मग ती उठली, माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "हलवा."

मी दोन्ही हातांनी धरलं. डावीकडे फिरवलं, उजवीकडे फिरवलं. गाल सोबत आले. मागून वर ढकललं. नाही निघालं.

"बरोबर आहे," मी म्हटलं.

"नक्की?" आतून आवाज आला. "ह्या वेळी खरं सांगताय ना, काका?"

"नक्की."

रविवारी निघण्याआधी वर्कशॉपमध्ये तिने जुनं हेल्मेट टेबलावर ठेवलं आणि तुझी पत्रा कापायची कातर माझ्या हातात दिली. पट्टा सहज कापला जात नाही, नंद्या. तो माणूस धरून ठेवण्यासाठीच केलेला असतो. मी दोन्ही बाजूंनी कापला. रवळनाथाची पट्टी मी नवीन हेल्मेटकडे नेली तर तिने हातातून काढून घेतली. "देव टाकीवर. हेल्मेटवर काही चिकटवायचं नाही. काय झालंय ते दिसलं पाहिजे." तुझ्या बाइकच्या टाकीवर लावली तिने, जरा तिरकी.

फेरी झाली. तुझ्या मोठ्या उंचवट्याच्या बाजूने ती गेली, आणि पुढच्या वळणावर, अगदी सावकाश, आडवी पडली. आम्ही सगळे धावलो. मातीत बसल्या बसल्याच ती ओरडली, "पडले! डोकं नाही टेकलं! गुडघ्याची वाट लागली, बाकी झकास!" आणि हसायला लागली. ती पडली आणि तिने सांगितलं. एवढं सोपं असतं ते.

एक राहिलंय. हे मी वहिनींना नाही सांगितलं, केतकीला नाही. इतकी वर्षं मी फक्त काय लपवलं याचा विचार करत राहिलो. पण त्या दिवशी, त्या दगडावर, माझ्या रस्त्यावरच्या स्वस्त हेल्मेटात मी असतो तर हे लिहायला उरलो नसतो. तू अर्धी दुपार आरशासमोर बसून निवडलेलं हेल्मेट होतं ते. माझं डोकं वाचवून ते मेलं. तुझे आभार मानायचे तर खरं सांगावं लागलं असतं, म्हणून मी तेही मानले नाहीत.

आता सांगितलं. घाल दोन शिव्या.